दिवा कुणी धरायचा?

अंधारात काम करणाऱ्या माणसाची एक अडचण फार जुनी आहे. कामाला दोन हात लागतात आणि दिवा धरायला तिसरा. हा तिसरा हात निसर्गाने दिलेला नाही, म्हणून माणसाने तो नाना प्रकारे उभा केला. रात्री खांबावर चढलेला वायरमन विजेरी दातांत धरतो. गाडीखाली आडवा झालेला मेस्त्री ती मान आणि खांदा यांच्या बेचक्यात दाबतो. शेतकरी डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यात ती कानाशी खोचतो. यांपैकी काही जमले नाही तर घरातल्या पोराला हाक जाते, ‘जरा बॅटरी धर रे.’ पोराचे लक्ष उडाले की उजेडही हलतो आणि शिव्या पोराला बसतात.

हातातला दिवा कपाळावर नेण्याची ही युक्ती आज इतकी साधी वाटते, की तिला इतिहास असेल असे मनात येत नाही. रबरी पट्टा लावलेली चिमुकली विजेरी बाजारात सहज मिळते आणि तिच्या शोधाचे श्रेय कुणा एकाला द्यावे असेही कुणाला वाटत नाही. परंतु दिव्याचा हातापासून कपाळापर्यंतचा हा प्रवास नीट पाहिला, तर तो दिव्यापेक्षा हातांचा इतिहास ठरतो असे आम्हांला वाटते. कुणाचे हात मोकळे झाले, कुणाचे हात निरुपयोगी ठरले आणि मोकळ्या झालेल्या हातांकडून पुढे काय करवून घेतले गेले, हे प्रश्न प्रत्येक टप्प्यावर उभे राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच मागोवा घ्यायचा आहे.

आरंभ आपल्या भाषेपासून करू. मशाल, दिवटी, हिलाल, पलिता, टेंभा, चूड अशी हाती धरायच्या उजेडाची किती तरी नावे मराठीत आहेत. त्यांच्या जोडीला तो उजेड धरणाऱ्या माणसाचीही नावे आहेत. दिवटी धरणारा तो दिवट्या, मशाल धरणारा तो मशालजी. या माणसाचे काम एवढेच, की दुसऱ्याच्या वाटेवर उजेड पाडायचा. स्वतःला कोठे जायचे आहे हा प्रश्न त्याला नसे. दिवा त्याचा नसे आणि वाटही त्याची नसे. खंडोबाच्या कुळाचारात दिवटी-बुधलीला देवघरात मान मिळाला; दिवटी धरणाऱ्या चाकराला समाजात तसा मान मिळाला असे म्हणवत नाही. भाषेने त्याची आठवण ठेवली ती थोडी कुत्सितपणेच. ‘टेंभा मिरवणे’ म्हणजे तोरा दाखवणे आणि ‘कुळाचा दिवटा’ म्हणजे कुळाला काळिमा लावणारा मुलगा. दिव्यासाठी ‘कुलदीपक’ आणि दिवटीसाठी ‘दिवटा’ हा भेद पुरेसा बोलका आहे.

मशालजीच्या पदाची पुढची गत तर अधिकच विचार करण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानातील इंग्रजांच्या घरी ‘मशालची’ हा चाकर असे. रस्त्यावर आणि घरात दिव्यांच्या नव्या सोयी आल्या, तसे पालखीपुढे मशाल घेऊन धावण्याचे त्याचे काम आटले. माणूस मात्र नोकरीत राहिला आणि स्वयंपाकघराच्या मागे भांडी घासू लागला. इंग्रजांच्या घरगुती बोलीत ‘मशालची’ या शब्दाचा अर्थच भांडी घासणारा असा झाला. उजेड धरणाऱ्या हाताची गरज संपल्यावर त्या हाताचे काय होते, याचे हे एका शब्दात साठलेले उत्तर आहे.

आपल्याकडे ही गरज पूर्णपणे संपायला फार वेळ लागला. रात्रीच्या वरातीत रॉकेलवर चालणाऱ्या, हवा भरायच्या गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसे, त्यांत पुष्कळशा बायका, ज्यांनी पाहिली आहेत असे वाचक आजही असतील. दिवा हातातून डोक्यावर गेला हे तेथेही खरेच. परंतु त्या डोक्यावरच्या उजेडात उजळून निघत तो नवरदेव, त्याचे घोडे आणि नाचणारे वऱ्हाडी. बत्ती डोक्यावर असल्याने जिच्या डोक्यावर ती असे तिच्या पायांपुढे तिचीच सावली पडे आणि तिचा एक हात बत्ती सावरण्यात अडकलेला असे. डोक्यावर दिवा असणे आणि दिवा आपला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवू. कारण पुढची सारी कथा या दोहोंमधल्या अंतराची आहे.

स्वतःच्या कामासाठी स्वतःच्या डोक्यावर दिवा घेणारे पहिले लोक शोधू गेल्यास नजर खाणींकडे जाते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथील कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींत काम करणारे लोक राळ लावून कडक केलेली नमद्याची टोपी घालत. टोपीच्या पुढच्या बाजूला ओल्या चिकणमातीचा गोळा थापायचा आणि त्यात मेणबत्ती रोवायची, ही त्यांची रीत. उरलेल्या मेणबत्त्या वातींनी एकत्र बांधून सदऱ्याच्या गुंडीला लटकवलेल्या असत. छिन्नी एका हातात, हातोडा दुसऱ्या हातात, शिडी चढताना दोन्ही हात शिडीवर आणि उजेड कपाळावर. मातीचा एक गोळा म्हणजे तिसरा हात. यात यंत्र नाही, पेटंट नाही, कुणा संशोधकाचे नाव नाही. हातात धरायचीच वस्तू घेऊन ती डोक्यावर बसवण्याची ही कल्पना टॉवेलात विजेरी खोचणाऱ्या शेतकऱ्याच्या कल्पनेची सख्खी पूर्वज आहे.

साधारण त्याच काळात अगदी वेगळ्या धंद्यातल्या एका माणसाने हेच केले. स्पॅनिश चित्रकार गोया याचे १७९० ते १७९५ या दरम्यानचे एक छोटे आत्मचित्र माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत आहे. मोठ्या खिडकीसमोर, हातात कुंचला घेऊन तो उभा आहे आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी आहे. टोपीच्या काठाभोवती मेणबत्त्या बसवण्यासाठी धातूच्या बैठका आहेत. चित्रांवरचे अखेरचे हात तो रात्री, कृत्रिम उजेडात फिरवी, असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले आहे. एका हातात रंगपाटी, दुसऱ्यात कुंचला. त्याची अडचण खाणकामगाराचीच होती. फरक असा, की गोया रात्री कधी काम करायचे हे स्वतः ठरवत होता.

खाणीतल्या कपाळावरच्या ज्योतीला लवकरच एक अडथळा आला. कॉर्नवॉलच्या खाणी धातूंच्या होत्या. कोळशाच्या खाणीत मिथेन हा ज्वालाग्राही वायू असतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगीसरशी स्फोट होतो. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साचतो, म्हणजे उघडी ज्योत जितकी उंच तितका धोका अधिक. डोके हे त्यासाठी सर्वांत वाईट ठिकाण. २५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली. त्यानंतर सुरक्षित दिव्याच्या शोधाला वेग आला. डॉ. क्लॅनी, पुढे रेल्वे इंजिनासाठी प्रसिद्ध झालेला जॉर्ज स्टीफनसन आणि सर हम्फ्री डेव्ही या तिघांनी आपापले दिवे केले. डेव्हीने १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. जाळी ज्योतीची उष्णता शोषून पसरवते, त्यामुळे आत वायू पेटला तरी ज्वाला बाहेर पडत नाही. या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही, हे त्याच्या मोठेपणात मोजले जाते आणि ते योग्यच आहे.

पण या दिव्याने दोन गोष्टी केल्या. एक, जाळीमुळे उजेड निम्म्याहूनही कमी झाला. दोन, हा दिवा उभाच राहायला हवा, तिरपा होऊन चालत नाही. म्हणून तो डोक्यावरून खाली आला. हातात धरा, नाही तर शेजारी कुठे तरी टांगा. खाणकामगाराचा तिसरा हात सुरक्षिततेच्या नावाने काढून घेतला गेला. शिवाय जेथे वायूच्या भीतीने काम बंद केले होते अशा भागांत या दिव्याच्या भरवशावर माणसे पुन्हा उतरवता येऊ लागली. त्यामुळे सुरक्षित दिवा आल्यावर खाणीतले मरण लगोलग कमी झाले असे घडले नाही. मालकाच्या हिशेबात दिव्याचा लाभ ‘कमी माणसे मरतील’ यापेक्षा ‘अधिक कोळसा निघेल’ या सदरात जमा झाला.

उजेड कुणाला मिळायचा हाही प्रश्न होताच. १८४२ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे खाणींतील बालमजुरीचा अहवाल आला. हवेचे दरवाजे उघडण्या-मिटण्यासाठी खाणीत बसवलेली लहान मुले तासन्‌तास अंधारात एकटी असत. दिव्याचा खर्च त्यांच्या कामाला परवडणारा नव्हता, कारण दोरी ओढायला उजेड लागत नाही. अंधाराची भीती वाटते असे आठ वर्षांच्या मुलीने सांगितल्याची नोंद त्या अहवालात आहे. दिव्याची गरज कामावरून ठरते, माणसावरून नाही, हे तत्त्व याहून स्पष्टपणे कोठे दिसावे?

मंद उजेडाची किंमत डोळ्यांनी मोजली. कोळशाचा थर काळा, भिंत काळी, अंग काळे. त्यात एका मेणबत्तीपेक्षाही क्षीण असलेला दिवा चार हातांवर टांगलेला. अशा अवस्थेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची बुबुळे आपोआप थरथरू लागत. समोरचे सारे नाचताना दिसे आणि उजेडात आल्यावरही ते थांबत नसे. वैद्यकाने याला खाणकामगारांचा नेत्रकंप म्हटले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमध्ये नुकसानभरपाईस पात्र अशा धंदेजन्य आजारांत त्याचा समावेश झाला. त्याच्या कारणांवर पुष्कळ वाद झाले आणि अखेर बोट उजेडाच्या अभावाकडेच गेले.

दिवा पुन्हा कपाळावर कसा चढला, हे पाहण्यापूर्वी थोडे खाणीबाहेर, वैद्याच्या खोलीत जायला हवे. कारण त्याच शतकात तेथेही नेमकी हीच झटापट चालली होती. शरीराच्या अरुंद, खोल पोकळीत पाहायचे तर उजेड नजरेच्याच रेषेने आत जायला हवा. दिवा जरा बाजूला असला तर पोकळीच्या तोंडाशीच सावली पडते. मदतनिसाने दिवा कितीही नीट धरला तरी तो वैद्याच्या डोळ्यांतून पाहू शकत नाही. १८४१ मध्ये हॉफमन नावाच्या जर्मन वैद्याने कान तपासण्यासाठी मध्यभागी भोक असलेला अंतर्वक्र आरसा वापरला. आरशाने दिव्याचा उजेड कानात टाकायचा आणि भोकातून स्वतः पाहायचे. १८५४ मध्ये मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने दोन आरसे आणि सूर्यप्रकाश एवढ्याच सामग्रीवर स्वतःचा कंठ आतून पाहिला. गाताना स्वरतंतू कसे हलतात याचे त्याला कुतूहल होते. व्हिएन्नात ट्युर्क याने हाच प्रयोग रुग्णांवर आरंभला, पण हिवाळ्यात सूर्य दिसेना तेव्हा तो थांबला. त्याचेच छोटे आरसे मागून घेऊन चेर्माक याने दिव्याच्या उजेडावर काम पुढे नेले. एका हाताने रुग्णाची जीभ धरायची, दुसऱ्याने घशात आरसा घालायचा, मग उजेड फेकणारा मोठा आरसा कुठे धरायचा? चेर्माकने तो दातांत धरला.

खांबावरच्या वायरमनचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. प्राध्यापक असो की तारतंत्री, तिसऱ्या हाताची पहिली जागा दातांतच सापडते. मात्र दातांत आरसा धरला तर रुग्णाशी बोलता येत नाही. लवकरच पट्ट्याने कपाळावर बांधायचा आरसा आला आणि त्याने वैद्याचे दात, हात आणि मदतनीस तिघांनाही मोकळे केले. तो पुढे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा असा अविभाज्य भाग झाला, की व्यंगचित्रकाराने कपाळावर एक गोल काढला की खालचा माणूस डॉक्टर आहे हे कुणालाही कळे. कपाळ हे उजेडासाठी योग्य ठिकाण का, याचे शास्त्रीय उत्तरही येथेच मिळाले होते. तेथून निघालेला किरण नजरेच्या जवळजवळ सोबत जातो आणि मान वळेल तिकडे वळतो.

खाणीत दिवा डोक्यावर परतला तो प्रथम तेलाच्या आणि नंतर कार्बाइडच्या रूपाने. ज्या खाणींत वायूचे भय नव्हते, तेथे चहाच्या किटलीच्या आकाराचा लहानसा तेलाचा दिवा टोपीच्या आकड्यात अडकवला जाई. त्याचा धूर कामगाराच्या नाकाशीच असे. १८९२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात टॉमस विल्सन भलतेच काही करायला गेला आणि त्याच्या विद्युत भट्टीतून कॅल्शियम कार्बाइड निघाले. आंबे पिकवण्याच्या पुड्यांमुळे हा पदार्थ आपल्याला पुरता ओळखीचा आहे. त्यावर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. एका कप्प्यात कार्बाइड, वर थेंबथेंब पाणी आणि पुढे चकचकीत तबकडी, असा दिवा विसाव्या शतकाच्या आरंभी सायकलींवर आणि खाणकामगारांच्या टोप्यांवर दिसू लागला. उघड्या ज्योतीचा धोका मात्र त्यातही होताच.

कोळशाच्या खाणीतले कोडे सुटले ते विजेने. एडिसनने मोटारींसाठी केलेल्या निकेल-लोखंडाच्या बॅटरीची लहान आवृत्ती कमरेच्या पट्ट्याला, तिच्यापासून पाठीवरून गेलेली तार आणि टोपीवर काचबंद दिवा, ही जोडणी १९१५ च्या सुमारास अमेरिकेत खाणींसाठी मान्य झाली. ज्योत नाही, धूर नाही, दिवा कसाही तिरपा झाला तरी चालतो. शंभर वर्षांपूर्वी डेव्हीच्या जाळीने खाली उतरवलेला दिवा असा पुन्हा कपाळावर गेला आणि पुढच्या काही दशकांत खाणींतला नेत्रकंप मागे पडत गेला. तरीही जुना दिवा खाणीतून पुरता हद्दपार झाला नाही. डेव्हीच्या कुळातल्या दिव्याची ज्योत मिथेन असला की निळसर टोपी घालते, म्हणजे ती वायूची वर्दी देते. विजेच्या दिव्याला हे कळत नाही. तो स्फोटाच्या क्षणापर्यंत सारखाच शांत जळतो. म्हणून वायू तपासण्यासाठी ज्योतीचा दिवा पुढेही दीर्घकाळ खाणीत हाती राहिला.

टोपीवरच्या या दिव्याभोवती खाणीत एक हिशेबही उभा राहिला. पाळीच्या आरंभी दिव्यांच्या खोलीतून प्रत्येकाने आपल्या क्रमांकाचा दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर परत करायचा. कोणता दिवा जागेवर नाही यावरून खाली कोण आहे हे कळते. झरिया-राणीगंज असो की आपल्या विदर्भातील चंद्रपूर-वणीचा पट्टा, भूमिगत खाणीत दिवा हा माणसाचा हजेरीपटच असतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि सरकारी आकड्याप्रमाणे ३७५ जण आत बुडाले. कपाळावरचा दिवा माणसाला समोरचे दाखवतो. शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीची भिंत किती पातळ उरली आहे हे दाखवणे त्याच्या आवाक्यातले नसते. ते वरच्या नकाशांनी आणि ते नकाशे पाहणाऱ्या माणसांनी पाहायचे असते.

आता हातातल्या विजेरीकडे वळू. नळीत कोरडे सेल, पुढे दिवा आणि मागे परावर्तक अशा वस्तूचे अमेरिकन पेटंट डेव्हिड मिसेल याला १८९९ च्या जानेवारीत मिळाले. सेल इतके दुबळे, की दिवा सलग जळत नसे. क्षणभर चमकवून विझवावा लागे. इंग्रजीतले ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरून पडले. ज्या कंपनीने ती विकायला काढली तिचे पुढे ‘एव्हरेडी’ झाले. गंमतीची आणि पुढे अजिबात गंमतीची न राहिलेली गोष्ट अशी, की विल्सनच्या कार्बाइडवर उभी राहिलेली, १८९८ ची युनियन कार्बाइड कंपनी आणि एव्हरेडीची मालक असलेली नॅशनल कार्बन कंपनी १९१७ मध्ये एकाच छत्राखाली आल्या. म्हणजे खाणकामगाराच्या टोपीवरची ज्योत आणि आपल्या खुंटीवरची विजेरी यांचे गोत्र एकच. भारतात १९३४ पासून नोंदलेली ही कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. पितळी विजेरी आणि तिचे लाल सेल खेड्यापाड्यांत पोचले ते हिच्याकडून. आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला तो याच कंपनीच्या कारखान्यातून. सेलचा धंदा १९९४ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेला. उजेडाचा इतिहास उजळच असतो या समजुतीला एवढा एक धागाही पुरेसा आहे.

विजेरी जोवर जड होती तोवर कपाळावर नेण्याचे साहस थोड्यांनीच केले. फ्रान्समध्ये गुहा धुंडाळणारा फेर्नां पेत्झल आणि त्याचे कुटुंब यांनी १९७० च्या दशकात गिर्यारोहकांसाठी सारा दिवा डोक्याच्या पट्ट्यावरच बसेल अशी रचना केली. खरा पालट झाला तो १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा याने तेजस्वी निळा एलईडी केल्यावर. त्यातून पांढरा एलईडी आला आणि थोडक्या विजेवर भरपूर उजेड मिळू लागला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल याच कार्यासाठी मिळाले. त्यानंतर विजेरी बोटाएवढी झाली आणि टोपीच्या काठाला चिमटा लावून अडकवणे हा पोरखेळ ठरला.

पण कपाळावरचा उजेड सगळ्या कामांना सारखा नसतो, हेही नोंदवले पाहिजे. नजर आणि किरण एकाच रेषेत असल्याने वस्तूची सावली तिच्या मागेच दडते. कानाच्या पोकळीत हे वरदान आहे. खडबडीत वाटेवर तोच शाप ठरतो. सावली दिसली नाही तर खळगा आणि सपाट दगड सारखेच भासतात. सह्याद्रीत धुक्यातून रात्री चालणाऱ्यांना हे ठाऊक असते. कपाळावरचा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते; तोच दिवा काढून कमरेशी धरला की धुक्याची चमक डोळ्यांत येत नाही आणि वाटेला उंच-सखलपणा परत येतो. उलट रात्री जनावर हेरायचे असेल तर कपाळासारखी जागा नाही. बिबट्याच्या डोळ्यांतला पडदा आलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवतो, म्हणून दिवा आपल्या डोळ्यांशी असेल तरच ते दोन अंगार आपल्याला नीट दिसतात.

आज आपल्या देशात हा दिवा कोण लावतो? केरळात रबराच्या झाडांना पहाटे चीर द्यावी लागते, कारण गारव्यात चीक चांगला वाहतो. तेथील कामगारांच्या कपाळावर तो असतो. तमिळनाडूत मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी खुडायच्या, म्हणून भल्या पहाटे मळ्यांत उतरणाऱ्या बायकांच्या कपाळावर तो असतो. आणि महाराष्ट्रात उसाला दारे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या कपाळावर तो असतो. शेतीपंपांना वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा फेरा राज्यात वर्षानुवर्षे चालला. रात्रीची पाळी आली की फावडे दोन हातांत, पायांत चिखल, सरीत घोणस किंवा मण्यार असण्याची शक्यता आणि जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या. अशा वेळी कपाळावरचा दिवा ही चैन नसते. त्याने जीव वाचतात, याविषयी आम्हांला शंका नाही.

शंका आहे ती वेगळी. दिव्याने हात मोकळे केले. मोकळ्या हातांना विश्रांती मात्र क्वचितच मिळाली. डेव्हीच्या दिव्याने वायूने भरलेले थर कामाच्या टापूत आणले, तसे कपाळावरच्या दिव्याने रात्रीचे तास कामाच्या टापूत आणले. पूर्वी ‘अंधार पडला, आता काय दिसणार’ हे काम थांबवण्याचे कारण पुरेसे होते. आता ते सांगता येत नाही. रात्रीची वीज देणाऱ्या व्यवस्थेला शेतकऱ्याच्या अंधाराची सोय करावी लागली नाही. ती त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कपाळावर करून घेतली आणि व्यवस्थेची लाज झाकली गेली. २०१७ मध्ये राज्य सरकारने शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना आणली, तिच्यामागे याच गाऱ्हाण्याचा रेटा होता. शेतकऱ्याची मागणी अधिक चांगल्या दिव्याची कधीच नव्हती. दिव्याची गरजच न पडण्याची होती.

आणखी एक लहानशी हानी झाली आहे, ती हिशेबात धरावी की नाही हे वाचकांनी ठरवावे. कपाळावर दिवा लावलेली दोन माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू शकत नाहीत. पाहिले की दोघांचेही डोळे दिपतात, म्हणून बोलताना मान वळवावी लागते. खाणीतले लोक हा शिष्टाचार शिकून घेतात. हातातला दिवा खाली ठेवता येई, त्याच्या भोवती बसता येई, तो दुसऱ्याच्या हाती देता येई. निघालेल्या पाहुण्याला फाटकापर्यंत ‘दिवा दाखवायला’ जाण्याची रीत आपल्याकडे होती. कपाळावरचा दिवा असा दाखवता येत नाही. आता ज्याचा उजेड त्याच्यापुरता.

तरीही आम्ही मशालजीच्या काळाकडे ओढीने पाहत नाही. दुसऱ्याच्या वाटेवर उजेड धरण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या दृष्टीने स्वतःच्या कपाळावर स्वतःचा दिवा असणे ही मोठीच मजल आहे. बॅटरी धरून कंटाळलेल्या त्या पोरालाही सुटल्यासारखे वाटले असेल, आणि ते योग्यच. पण ही मजल पुरी झाली असे मानायचे तर आणखी एक गोष्ट त्या माणसाच्या ताब्यात यायला हवी, जी टोपीवर मेणबत्त्या लावणाऱ्या गोयाच्या ताब्यात होती. दिवा कधी लावायचा आणि कधी विझवून घरी जायचे, हे ज्याचे त्याला ठरवता आले पाहिजे.